चांगले भूकंप, आणखी पाठवा

“अर्ध काही नाही हो, अर्थक्वेक! अर्थ... क्वेक! अरे बाप्पा, भूकंप! भूकंप म्हणून राह्यलो मी!”

मुकुटबनच्या पोस्टात भगत मास्तर फोनच्या तोंडाला तोंड लावून ओरडत होते. मी काउंटरच्या अलीकडे उभा होतो. माझ्यामागे बाजाराला आलेली निम्मी गर्दी होती, कारण पोस्ट बाजाराच्या तोंडावरच होतं आणि मास्तरांचा आवाज मोठा होता.

आमच्या पोस्टात तारेचं यंत्र नव्हतं. इथून तार करायची म्हणजे मास्तरांनी ती फोनवरून वणीच्या तारऑफिसला वाचून दाखवायची, वणीच्या बाबूंनी लिहून घ्यायची आणि पुढे नागपूरला पाठवायची. त्या दिवशी लाइन खराब होती. बाबूंना इंग्रजी शब्द कळेनात, म्हणून मास्तर प्रत्येक शब्दाचं मराठी करून सांगायला लागले.

“गुड! गुड म्हणजे चांगले! चांगले भूकंप! हो, चांगलेच म्हटलं आहे साहेबानं, मी काय करू? रिसीव्ह्ड, म्हणजे मिळाले! आता पुढे घ्या. सेंड मोर. आणखी पाठवा! आणखी! पाठवा!... हॅलो? हॅलो?”

लाइन तुटली. शेवटचा एक शब्द राहिला होता, ‘पेपर’. माझी तार होती, “चांगले भूकंप मिळाले, आणखी कागद पाठवा.” कागद म्हणजे आमच्या भूकंप नोंदवणाऱ्या यंत्राला लागणारा गुळगुळीत कागद. तो संपत आला होता. मास्तरांनी पुन्हा फोन लावला आणि ‘पेपर’ पोचवला. पण तोवर मागची गर्दी पांगली होती, आणि तिनं ऐकायचं ते ऐकलं होतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. तिकडे सह्याद्रीत कोयनेला मोठा भूकंप झाला त्यानंतरचे हे महिने. मोठा भूकंप झाला की मागून लहान लहान धक्के येत राहतात, कधी वर्षभरही. ज्यांची घरं तिथं असतात त्यांच्यासाठी ते हाल असतात. आमच्यासाठी ते काम होतं. धक्का तिथं बसतो, त्याची लाट जमिनीतून सगळीकडे पसरते, आणि वाटेत कोणता खडक लागला, किती खोल लागला, याचा माग तिच्या चालीत राहतो. जमिनीच्या पोटात उतरून पाहण्याचा दुसरा मार्ग माणसाजवळ नाही. सर्वांत खोल खाणसुद्धा या हिशेबात वरवर खरवडल्यासारखीच आहे.

आम्हांला लहान धक्केच हवे असत. मोठ्या धक्क्यात सुई इतकी भरकटते की पहिल्या लाटेमागून आलेली दुसरी लाट त्या गोंधळात बुडून जाते. लहान धक्का स्वच्छ लिहितो. असा स्वच्छ लिहिलेला धक्का मिळाला की आमच्या खात्यात सगळे त्याला ‘चांगला’ म्हणत. त्या शब्दात काही वावगं आहे असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मुकुटबन निवडलं होतं ते जागेसाठी. कोयनेपासून निघालं की यवतमाळ जिल्ह्याच्या बऱ्याच भागापर्यंत काळा पाषाण पसरला आहे. वणीच्या बाजूला तो संपतो आणि चुनखडी उघडी पडते. त्या काळ्या थराखाली काय आहे हे पाहायचं, तर थर संपतो तिथं कान लावून बसणं सोयीचं होतं. गावाबाहेर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथल्या रामसिंग नाइकांच्या वावराच्या कडेला चुनखडीचा सपाट खडक होता. नाइकांनी तो आम्हांला वापरू दिला. त्यावर आम्ही एक बुटकी खोली बांधली आणि यंत्र मांडलं. एका फिरत्या पिंपावर कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या धुरावर धरून तो काळा करायचा, आणि सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत राहायची. रोज सकाळी कागद काढायचा, स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेतून बुडवून वाळवायचा म्हणजे काजळी पुसली जात नाही. राजूरच्या कोळसाखाणीत बार उडाला की सुई एक ठरावीक झटका मारायची. तो ओळखायला मी लवकरच शिकलो.

खोलीत मी एकटाच असे. कागद फिरत असताना वाचत बसायचो. पुस्तकं संपली तेव्हा पोस्टात मासिकांची चौकशी करायला गेलो आणि भगत मास्तरांची ओळख झाली. छप्पन साली वडिलांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, घराण्यातले पहिले सरकारी नोकर. पोस्टाच्या मागच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि खाली फळीवर पुस्तकं. त्यांनी मला पुस्तकं दिली आणि बदल्यात यंत्राची माहिती मागितली.

मी सांगितलं, “धक्क्याच्या दोन लाटा आपल्याकडे निघतात. एक वरच्या खडकातून सरळ येते. दुसरी खाली जाते, तीस-चाळीस किलोमीटर. तिथं फार जड खडक आहे, त्यातून लाट वेगानं पळते आणि मग पुन्हा वर येते.”

मास्तर म्हणाले, “म्हणजे टपालासारखं. एक हरकाऱ्यानं पायवाटेनं आणलं. दुसरं लांब सडकेवर गेलं अन् तिथून मोटारीनं आलं. जवळच्या गावाले हरकाऱ्या आधी पोचते. दूरच्या गावाले मोटार.”

“अगदी तसंच. आणि दोघांच्या पोचण्यात किती वेळाचं अंतर पडलं, यावरून सडक किती लांब आहे ते आम्ही काढतो.”

“सडक पाह्यली नाही तरी?”

“कोणीच पाहिली नाही.”

“मंग बरं हाय तुमचं,” मास्तर म्हणाले, “कोणी तक्रार घेऊन येत नसंल.”

तक्रार बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी आली. आमच्या खोलीच्या दाराशी काही माणसं उभी. ‘भूकंप साहेब’ हे माझं नाव गावात आधीपासूनच होतं, पण ते थट्टेचं होतं. आता त्या नावात थट्टा नव्हती. एकानं विचारलं, “काहून हो साहेब, भूकंप चांगला असते?” दुसरा म्हणाला, “आन् आणखी कायले मागवता? एक पुरला नाही?” मी कागदाचं सांगितलं. कोणाला पटलं नाही. गावातून तहसीलला अर्ज गेला, तहसीलमधून आमच्या नागपूर ऑफिसला फोन गेला, आणि त्याच आठवड्यात माझे वरिष्ठ देशपांडे साहेब जीप घेऊन आले. येताना कागदही घेऊन आले, हे त्यांचं मोठेपण.

“तुम्ही तारेत ‘गुड’ कशाला लिहिलंत?” त्यांनी जीपमधून उतरायच्या आधी विचारलं.

“सर, आपण म्हणतोच ना.”

“ऑफिसात म्हणतो. बाजारात म्हणत नाही.”

“सर, धक्के रोज कमी होताहेत. आता इथून हललो तर ही संधी पुन्हा नाही. पुढच्या मोठ्या भूकंपाची वाट पाहत बसावं लागेल.”

“ते मला सांगू नका, मला माहीत आहे. जागा नाइकांची आहे. गाव नको म्हणालं तर पॅकअप. गावाशी भांडून असलं यंत्र चालत नाही. कोणी खोलीबाहेर चार गुरं बांधली तरी तुमचं रेकॉर्ड गेलं.”

खरं होतं ते. माझं सगळं काम त्या एका होकारावर येऊन ठेपलं.

संध्याकाळच्या आत बैठक बसली, तांड्याच्या लिंबाखाली. गावचे लोक, तांड्याचे लोक, मी, साहेब, आणि न बोलावता आलेले भगत मास्तर. पोस्ट बंद करून ते सायकलवर आले होते. आल्या आल्या ते म्हणाले, “तार मी वाचली. ओरडलो मी. त्या गोष्टीचा जबाब मी देतो.”

“मंग दे ना,” गावातला एक जण म्हणाला. “आणखी पाठवा म्हणून कोण बोंबलत होतं?”

“कागद, लेका, कागद! कागद पाठवा!”

“कागद तं आम्ही नाही ऐकला.”

“लाइन तुटली तं मी काय करू? ऐका. तुमच्या घरच्या चिठ्ठ्या मी लिहितो काय? येते ते आणून देतो. चांगली असो, वाईट असो. या साहेबाचं तसंच हाय. भूकंप हा पाठवत नाही. तिकडून निघते, इथं पोचते, हा घेते. याचं पोस्ट हाय, दुसरं काही नाही.”

“पण चांगला कायले म्हणते?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आधी रामसिंग नाईक उठले. अंगानं उंच, मिशा पांढऱ्या, आवाज सावकाश. “भाऊ,” ते म्हणाले, “तार करून भूकंप आला असता, तं मी कधीचं पाणी मागवलं असतं. गेल्या सालीच. मास्तर, पाण्याची तार होते काय?”

“होते नाईक,” मास्तर म्हणाले, “पण वणीचा बाबू ‘पाणी’चं ‘राणी’ ऐकंल. मंग तुम्हालेच भारी पडंल.”

हशा पिकला. देशपांडे साहेबही हसले. मला वाटलं, मिटलं.

तेवढ्यात मागून सोनीबाई पुढे आल्या. नाइकांची थोरली भावजय, त्यांना सगळा तांडा याडी म्हणे, म्हणजे आई. हातभर बांगड्या, कपाळावर ओढणी. हसू थांबलं, कारण त्यांचा मुलगा थावरू दगडफोडीच्या टोळीबरोबर तिकडेच, कोयना धरणाच्या बाजूला गेलेला होता, हे मी आणि साहेब सोडून तिथं सर्वांना माहीत होतं. भूकंप झाल्यापासून त्याची खबर नव्हती. मास्तरांनी चौकशीच्या तारा केल्या होत्या. उत्तर आलं नव्हतं.

“साहेब,” त्या मला म्हणाल्या, “तुह्या मशीनले माहा पोरगा दिसते काय?”

“नाही, याडी.”

“जमिनीच्या पोटातलं दिसते ना?”

“ते दिसतं. माणूस दिसत नाही.”

त्या म्हणाल्या, “मोठा आला का लहान आला, हे समजते?”

“ते समजतं. तिथं केवढा धक्का बसला, हे रेघेवरून सांगता येतं.”

“मंग मले रोज सांगत जाय.” आणि नाइकांकडे वळून त्या गोरबोलीत काही बोलल्या.

नाइकांनी आम्हांला मराठीत सांगितलं. “भोजाई म्हणते, मशीन होळीपर्यंत राहू द्या. साहेबानं रोज सकाळी येऊन तिले सांगाचं, काल तिकडं लहान होता का मोठा. खोटं बोलला तं मशीन उचलाचं. होळीले आम्ही पाहू, ठेवाचं का नाही.”

साहेबांनी होकार दिला. परत जाताना जीपमध्ये बसून ते मला म्हणाले, “आता तुम्ही दोन ठिकाणी रिपोर्ट करायचा. मला आठवड्यानं, त्यांना रोज. आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये ‘गुड’ लिहू नका.”

तिथून माझा दिनक्रम ठरला. सकाळी कागद काढायचा, भिंगाखाली रेघा पाहायच्या, आणि ओला कागद वाळत घालून तांड्यात जायचं. सोनीबाई चुलीपाशी असायच्या. मी दारातून सांगायचो, “याडी, काल लहानच.” कधी “काल काहीच नाही.” त्या मान हलवायच्या. हळूहळू दारातून आत बसवायला लागल्या, मग चहा, मग भाकरी. तिथून मी पोस्टात जायचो. मास्तर खिडकीतूनच विचारायचे, “काय?” मी म्हणायचो, “लहान.” ते मागे उभ्या असलेल्यांना सांगायचे, “लहान हाय रे.” बाजारात लोक एकमेकांना सांगायला लागले. ज्या गावाला भूकंपाची तार नको होती ते आता सकाळी भूकंपाची विचारपूस करत होतं. आमच्या धंद्यात ‘लहान’ म्हणजे कामाचा. तांड्यात ‘लहान’ म्हणजे पोरगा असेल तिथं बरा असेल. एकच शब्द दोन्हीकडे चालत होता, आणि मला तो उच्चारताना बरं वाटायचं.

मग एक सकाळ अशी आली की कागदावर पांढरी रेघ रेघ राहिलीच नव्हती. सुई एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत झाडत गेली होती आणि बराच वेळ शांत झाली नव्हती. पहिल्या मोठ्या भूकंपाइतका तो नव्हता, पण मागच्या सगळ्या दिवसांत असा आला नव्हता. आमच्या कामाला तो निरुपयोगीच होता. मी कागद घेऊन आधी तांड्यात गेलो नाही. पोस्टात गेलो.

मास्तरांनी कागद पाहिला. त्यांना आता रेघा वाचता येत होत्या.

मी म्हणालो, “आज लहान होता म्हणून सांगावं का? होळी चार दिवसांवर आहे. बाई घाबरतील. तिकडची बातमी काहीच नाही.”

मास्तरांनी काउंटरचं झाकण उचललं आणि बाहेर आले. “साहेब, वाईट तार आली तं मी घरात जाऊन बसतो. पाणी मागतो. मंग वाचतो. पण जशी आली तशी वाचतो. एक बार बदलली, तं पुढची चांगली तार कोण खरी मानंल?” त्यांनी कुलूप लावलं. “चला. मीही येतो.”

सोनीबाईंनी आम्हां दोघांना बरोबर पाहिलं आणि हातातलं पीठ परातीत ठेवलं. मास्तर बसले, त्यांनी पाणी मागितलं, प्याले. मग माझ्याकडे पाहिलं.

“याडी, काल लहान नव्हता,” मी म्हणालो. “मोठा होता. पहिल्याएवढा नाही. पण मोठा.”

त्यांनी विचारलं, “त्याच्या मागून?”

“मागून लहान लहान. पहाटेपर्यंत.”

“आता?”

“आता शांत आहे.”

त्यांनी पुन्हा पीठ मळायला घेतलं. आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, “जेवून जाजा.” आम्ही जेवलो. निघताना नाईक बाहेर बाजेवर बसले होते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, “होळीची वाट पाहाची गरज नाही. मशीन राहू द्या. तुमच्या साहेबाले तार करा.” आणि मास्तरांना म्हणाले, “हळू वाचजा.”

होळीला थावरू आला. वणीच्या मोटारीतून उतरला तो हात गळ्यात बांधून. पहिल्या भूकंपात भिंत पडली होती, हात मोडला होता, तो अजून नीट जुळला नव्हता, आणि पत्र लिहून देणारा माणूस टोळी सोडून गेला होता, एवढीच गोष्ट होती. तांड्यात नगारा वाजायला लागला. लोक नाचायला लागले, आणि आमच्या खोलीतली सुई तो सगळा नाच कागदावर उतरवत राहिली. त्या दिवसांचं रेकॉर्ड आमच्या कामाचं नव्हतं. देशपांडे साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ते म्हणाले, “फाइलला लावा. तेही चांगलंच आहे.”

थावरू यंत्र पाहायला आला. फिरतं पिंप, काजळी, बारीक सुई. बराच वेळ पाहून म्हणाला, “आम्ही तिकडं मोजणंच सोडलतं. अन् तुम्ही इथं आईले रोज सांगून राह्यले.” आणि मग, “बरं केलं.”

यंत्र तिथं आणखी बरेच महिने राहिलं. गुरं कधी जवळ बांधली गेली नाहीत. बैलगाड्या खोलीला वळसा घालून जात. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. त्या शांत जागेत लहान धक्क्यांच्या इतक्या स्वच्छ रेघा मिळाल्या की पायवाटेची लाट आणि सडकेची लाट वेगवेगळी दाखवता आली. काळ्या पाषाणाच्या थराखालून जाणारी ती ‘सडक’ किती खोल आहे, याचा आमच्या ऑफिसनं काढलेला पहिला भरवशाचा अंदाज मुकुटबनच्या कागदांवरून निघाला. अहवालात ठिकाणाचं नाव आहे. तांड्याचं नाही, पोस्टाचं नाही. साहेबांनी घालायचा प्रयत्न केला होता, पण अशा अहवालात त्याला जागा नसते. म्हणून ते इथं लिहितो आहे.

माझी बदली झाली. मास्तरांचा आणि माझा पत्रव्यवहार सुटला नाही. पुस्तकांची देवघेव टपालानं चालली. त्यांचं प्रत्येक पत्र एकाच वाक्यानं संपायचं, “इकडे सर्व लहान.” मुलाचं लग्न झालं, नातवंडं झाली, ते रिटायर झाले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी शेवटी तेच. मीही तसंच लिहायचो. माझी पत्नी आजारी होती त्या वर्षी मी ते वाक्य लिहिलं नाही. पत्र पोचल्यावर ते स्वतः आले, मुकुटबनहून, दोन मोटारी बदलून. आले, बसले, पाणी मागितलं. मग विचारलं, “आता सांगा, जसं हाय तसं.”

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाची तार आली. मास्तर गेले. तार जशी आली तशी मी वाचली, दोनदा. मग उत्तराची तार करायला पोस्टात गेलो. फॉर्मवर आधी लिहिलं, ‘फार मोठा आघात’. मग थांबलो. तारेत विशेषण घालू नये, हे मी मुकुटबनच्या काउंटरवर शिकलो होतो. पलीकडे कोण, कोणत्या गर्दीत, ते कसं वाचेल, हे आपल्या हातात नसतं. नोकरीभर मी ते पाळलं आणि माझं कधी अडलं नाही.

मी आधीचं खोडलं आणि एकच शब्द ठेवला, “निघतो.”